पळालेला शिपाई परत कसा आणायचा? : एकोणिसाव्या शतकातला प्रशिया

उत्तरवाट (धागाकर्ता)

जेनाच्या लढाईवरच्या धाग्यात एक प्रश्न अर्धवट राहिला होता. १४ ऑक्टोबर १८०६ ला नेपोलियनपुढे प्रशिया या जर्मन राज्याची फौज मोडली, हजारो शिपाई रानोमाळ पांगले, त्यांचे पुढे काय झाले? तिथे अवांतर वाढू नये म्हणून वेगळा धागा काढतोय. विषय जिव्हाळ्याचा आहे, थोडी लांबण लागेल.

प्रशिया म्हटले की आपल्याला कवायत आणि टाचा जुळवून उभी असलेली पलटण आठवते. पण त्या राज्याला सगळ्यात मोठी धास्ती होती ती आपलाच शिपाई पळून जाण्याची. अठराव्या शतकातला राजा दुसरा फ्रीडरिश याने आपल्या सेनापतींना दिलेल्या सूचनांची सुरुवातच या बंदोबस्ताने होते. मोठ्या जंगलाशेजारी तळ टाकू नका. फार गरज नसेल तर रात्रीची कूच नको. हजेरी पुन्हा पुन्हा घ्या. तळाभोवती हुसार घोडेस्वारांची गस्त ठेवा. लाकूडफाटा, पाणी, गवत आणायला शिपाई एकटे सोडू नका, बरोबर अधिकारी द्या. शत्रूचे नाव नंतर येते, आधी स्वतःच्या माणसांवर नजर.

त्याला कारण होते. फ्रीडरिशचा बाप पहिला फ्रीडरिश विल्हेल्म, त्याच्या १७१३ ते १७४० या कारकिर्दीत ३०,२१६ शिपाई पळाल्याची नोंद आहे. १७३३ मध्ये प्रत्येक पलटणीला आपला आपला मुलूख नेमून दिला गेला. तिथल्या कुणब्यांच्या पोरांची नावे लहानपणीच वहीत चढायची. सुरुवातीची कवायत संपली की वर्षाचे नऊ-दहा महिने शिपाई घरी शेतावर आणि उरलेले पलटणीत. घरी असला तरी हुकूम पलटणीचाच, लग्नालासुद्धा कप्तानाची परवानगी लागे. हा देशी शिपाई सहसा पळत नसे, कारण मागे जमीन आणि आईबाप. पळायचे ते मुख्यतः बाहेरून गोळा केलेले. काही पैशाला भुलून आलेले, काही फसवून आणलेले. स्वित्झर्लंडच्या टोगेनबुर्ग भागातल्या उलरिश ब्रेकरला एका प्रशियन अधिकाऱ्याने नोकर म्हणून ठेवले आणि बर्लिनला धाडले. तिथे पोचल्यावर त्याला कळले की आपण शिपाई झालो. १ ऑक्टोबर १७५६ ला लोबोझिट्झच्या लढाईत गोळीबार चालू असताना तो डोंगरउतारावरून सटकला आणि घर गाठले. त्याने सगळे लिहून ठेवले, म्हणून निदान एका पळालेल्याचा आवाज आपल्यापर्यंत पोचला.

पकडलेल्याला शिक्षा कोणती? दोनशे शिपाई दोन रांगांत समोरासमोर उभे करायचे, प्रत्येकाच्या हातात छडी. कमरेपर्यंत उघडा केलेला माणूस त्या गल्लीतून चालवायचा, पुन्हा मागे फिरवायचा, पुन्हा पुढे. मारणारे त्याच्याच पलटणीतले असत. हात आखडता घेतलेला सार्जंटला दिसला तर तोही मार खाई. अनेक फेऱ्यांची शिक्षा असेल तर ती एका दिवसात पुरी करत नसत, नाहीतर माणूस मरायचा. मी या विषयावर जे वाचले त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच. तो मरता कामा नये, कारण त्याच्यावर खर्च झालेला आहे आणि उद्या तो रांगेत उभा राहायला हवा आहे. फाशीही व्हायच्या, पण एकीकडे राजे सर्वसाधारण माफीचे जाहीरनामे पुन्हा पुन्हा काढत: अमुक मुदतीत परत या, काही होणार नाही. छडी आणि माफीनामा दोन्ही एकाच कामाला होते, माणूस परत रांगेत आणायच्या.

१८०६ नंतर हे गणितच मोडले. टिलझिटच्या तहात निम्मा मुलूख गेला, सप्टेंबर १८०८ च्या कराराने फौज ४२,००० वर आली. बाहेरचे शिपाई विकत घ्यायला पैसा नाही, ठेवायला जागा नाही. शार्नहोर्स्ट, ग्नायझेनाऊ, बोयेन, ग्रोलमान ही सुधारणावादी अधिकारी मंडळी म्हणू लागली की फौज आता देशाच्या लोकांची हवी, आणि देशाच्या लोकांना छडीखाली चालवता येणार नाही. ९ जुलै १८०८ ला ग्नायझेनाऊने कोनिग्सबर्गच्या एका वृत्तपत्रात ‘पाठीच्या स्वातंत्र्या’वर, म्हणजे छडीच्या मारातून सुटकेवर लेख लिहिला, आणि ३ ऑगस्टच्या नव्या लष्करी कलमांनी ती छड्यांची गल्ली बंद केली. मार पूर्ण गेला नाही. शिपायांची एक खालची दुसरी श्रेणी केली, तिच्यात ढकललेल्याला मारता येत असे. तरीही त्या काळच्या युरोपात हे फार मोठे पाऊल होते आणि ते हरलेल्या राज्याने उचलले, याचे मला मनापासून कौतुक आहे.

मग ३ सप्टेंबर १८१४ चा बोयेनचा कायदा. वीस वर्षांच्या प्रत्येक पुरुषावर चाकरी: तीन वर्षे उभ्या फौजेत, दोन राखीव, पुढे एकोणचाळिशीपर्यंत लांडवेअर म्हणजे नागरी पलटणी. आता शिपाई भाडोत्री नाही, प्रजाजन आहे. मग तो पळाला तर तो कोण? आणि त्याला परत कसा आणायचा? एकोणिसाव्या शतकात याची उत्तरे कशी बदलत गेली ते प्रतिसादांतून बघूया. माझे मत आधीच सांगतो: पळणे थांबले ते देशप्रेमाने कमी आणि शेजारच्या राज्यांशी झालेल्या करारांनी जास्त.

चौकटराजा

जबरदस्त सुरुवात. एक शंका. पळणाऱ्याला गावकरी मदत करत की पकडून देत?

उत्तरवाट

दोन्ही. जुन्या पद्धतीत शिपाई पळाला की तोफेचा बार काढायचे, मग गावोगाव चर्चच्या घंटा वाजायच्या, आणि गावकऱ्यांनी पूल, नदीचे उतार, चौरस्ते अडवायचे असा हुकूम होता. पकडून दिला तर इनाम, गावातून निसटला तर गावाला दंड. तरी आपल्याच गावचा पोरगा असला की गवताच्या गंजीत लपवणारेही होतेच.

मेघमल्हार

मी पॉट्सडामला राहते. इथल्या जुन्या वेशीत पर्यटक फोटो काढतात, येगर दरवाजा १७३३ चा आहे. फार थोड्यांना माहीत असते की ही नगरभिंत बाहेरचा शत्रू अडवायला बांधलीच नव्हती. शिपाई बाहेर पडू नयेत आणि जकात चुकवून माल आत येऊ नये, एवढ्यासाठी ती होती.

उत्तरदादांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून सरकारी गॅझेटबद्दल लिहिते. १८११ पासून प्रशियाच्या प्रत्येक जिल्हा सरकारचे साप्ताहिक गॅझेट निघायचे. त्यांचे जुने अंक स्कॅन होऊन नेटवर आले आहेत आणि मला ते वाचायची सवय लागली आहे. त्यात फरारी शिपायांची वर्णने येतात. ठरलेला तक्ता असतो: जन्मगाव, धर्म, वय, उंची फूट-इंचांत, केस, कपाळ, भुवया, डोळे, नाक, तोंड, दाढी, दात, हनुवटी, चेहऱ्याची ठेवण, रंग, अंगकाठी, बोली, खास खूण. मग अंगावरचे कपडे: गडद निळा डगला, लाल कॉलर, करडी विजार, टोपी, बूट.

वाचताना जीव हलतो, कारण निम्म्या रकान्यांत एकच शब्द असतो, ‘साधारण’. नाक साधारण, तोंड साधारण, अंगकाठी मध्यम. अशा वर्णनावरून माणूस कुणाला सापडणार? सापडायचा तो खास खुणेच्या रकान्यावरून. देवीचे व्रण, डाव्या हाताचे तुटलेले बोट, बोलताना अडखळणे. आणि बोलीवरून. पोझेनकडचा शिपाई असेल तर ‘पोलिश आणि मोडके जर्मन बोलतो’ अशा तऱ्हेची नोंद येते. पश्चिमेकडच्या सरायांत असा माणूस तोंड उघडताच ओळखू येई.

त्याच गॅझेटात दुसऱ्या प्रकारची जाहिरात येते ती कोर्टाची. अमुक शिपाई अमुक तारखेपासून बेपत्ता आहे, त्याने अमुक दिवशी कोर्टापुढे हजर व्हावे, न झाल्यास फरारी ठरवून त्याची सध्याची आणि पुढे वाट्याला येणारी मालमत्ता सरकारजमा होईल.

रानजाई

ताई, ‘पुढे वाट्याला येणारी’ म्हणजे बापाच्या जमिनीतला हिस्साही?

मेघमल्हार

हो, वारसाहक्काचाही. इथेच खरी मेख होती. पळालेला हाती लागो न लागो, बाप वारला की त्याच्या वाटणीवर सरकारचा हक्क. मागे राहिलेल्या भावांना शेत अखंड ठेवायचे तर सरकारला रक्कम मोजायची. पळून जाणाऱ्याच्या मनात ही जप्ती छडीपेक्षा जास्त वळवळत असणार असे मला वाटते. आणि ज्याच्या घरी काहीच नाही त्याला तिचा धाक शून्य. त्यामुळे पळणाऱ्यांत बिनजमिनीचे शेतमजूर आणि कारागिरांची पोरे जास्त असणार, हे ओघाने आलेच.

दौलताबादकर

विषय जर्मनांचा आहे म्हणून आपल्याकडचा एक जर्मन. २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या लढाईत शिंद्यांच्या पायदळाची सूत्रे ज्याच्या हाती होती तो अँथनी पोलमन हा हॅनोव्हरचा, कंपनीच्या नोकरीत सार्जंट होता आणि तिथून निसटून आलेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गव्हर्नर जनरल वेलस्लीने जाहीरनामा काढला होता: शिंद्यांची चाकरी सोडून या, कंपनी तुमची सोय लावेल. मराठ्यांच्या कवायती पलटणींतले बरेच गोरे अधिकारी त्याने गळाला लागले. पोलमनही पुढे कंपनीच्या चाकरीत दिसतो. पळालेल्याला माफी देऊन परत ओढण्याची पद्धत प्रशियापुरती नव्हती, हे सांगायला लिहिले.

उत्तरवाट

दौलताबादकर, चपखल उदाहरण. तेव्हा हॅनोव्हर इंग्लंडच्या राजाकडे होते, प्रशियाने ते गिळले १८६६ मध्ये. हॅनोव्हरच्या शिपायांकडे पुढे येऊच.

आता करारांबद्दल. शेजारीपाजारी राज्यांत पळालेले शिपाई एकमेकांना परत देण्याचे करार होत, त्यांना कार्टेल म्हणत. अठराव्या शतकातही ते होते, पण शेजाऱ्याचा धट्टाकट्टा शिपाई आयता आपल्या हद्दीत आला तर त्याला परत देण्यापेक्षा आपला डगला चढवणे सोपे होते, म्हणून पाळले कमी जात. जर्मनीत तेव्हा शेकडो राज्ये, दोन दिवस चालले की दुसऱ्याची हद्द. १८१५ नंतर राज्ये उरली चाळीसच्या आत, आणि १० फेब्रुवारी १८३१ ला जर्मन संघाने सगळ्या सदस्य राज्यांसाठी एकच कार्टेल केले. कोणत्याही संघराज्याचा शिपाई दुसऱ्याच्या हद्दीत सापडला की तो परत द्यायचा, त्याच्याबरोबर घोडा, हत्यार, खोगीर, कपडे, सगळे. फरारी शिपायाकडून या वस्तू विकत घेणाऱ्यालाही शिक्षा. ठेवायला आलेला खर्च मागणाऱ्या राज्याने भरायचा. ज्या राज्यात तो पळून गेला त्याच राज्याचा तो मूळ प्रजाजन असेल तर मात्र तो द्यायचा नाही. आणि तिथे त्याने काही गुन्हा केला असेल तर आधी त्याची शिक्षा, मग पाठवणी.

या एका कागदाने पळण्याचा अर्थ बदलला. सॅक्सनीत जाऊन लपण्यात आता काही राम उरला नाही. पळायचे तर फ्रान्स, हॉलंड किंवा समुद्रापार. योगायोग असा की त्याच १८३१ च्या मार्चमध्ये फ्रान्सने परदेशी लोकांची लीजन, म्हणजे वेगळी फौज, उभी केली. नाव-गाव कुणी खोलात जाऊन विचारत नसे. जर्मन बोलणारे तिथे सुरुवातीपासून इतके होते की त्यांच्या वेगळ्या बटालियनी झाल्या. राइन ओलांडून गेलेला प्रशियन शिपाई पुढच्या वर्षी अल्जीरियाच्या उन्हात कवायत करत असे. एका फौजेतून सुटायला दुसरी फौज, हे जुने दुःख तसेच राहिले.

सुभेदारकाका

मी पायदळात नोकरी केली आहे, त्या अनुभवातून दोन शब्द. फौजेत रजेवरून उशिरा येणारा आणि कायमचा पळालेला यांत फरक करावाच लागतो. आपल्याकडे आजही बिनापरवानगी ३० दिवस गैरहजर राहिला की चौकशी बसते. वीस वर्षांचे पोर घरच्या आठवणीने रात्री कुंपण ओलांडते आणि सकाळी घाबरून परत येते, त्याला देशद्रोही म्हणणे चूक. प्रशियाच्या कायद्यात हा फरक होता का? आणि परत आलेल्याला सवलत होती का?

उत्तरवाट

काका, होता. १८४५ मध्ये प्रशियन फौजेचा एकत्रित दंडकायदा आला, आणि साम्राज्य झाल्यावर २० जून १८७२ चा लष्करी दंडकायदा सगळ्या जर्मनीला लागू झाला. त्यात बिनापरवानगी गैरहजेरी वेगळी आणि कायमचे निसटायच्या इराद्याने पळणे वेगळे. शांततेच्या काळात पहिल्यांदा पळाला तर सहा महिने ते दोन वर्षे कैद. दुसऱ्यांदा एक ते पाच वर्षे. तिसऱ्यांदा पाच ते दहा वर्षे सक्तमजुरी. लढाई चालू असताना शिक्षा बरीच जड, आणि शत्रूच्या समोरून पळाला किंवा शत्रूला जाऊन मिळाला तर मृत्यू.

सवलतही कायद्यातच लिहिली होती. शांततेच्या काळात पळालेला सहा आठवड्यांच्या आत आपणहून हजर झाला तर शिक्षा निम्म्यापर्यंत कमी करता येई. तुम्ही म्हणता त्या कुंपण ओलांडणाऱ्या पोरासाठीच हे कलम आहे. पूर्वी माफी राजाच्या मर्जीवर होती, आता ती कलमात बसली. याला मी मोठी सुधारणा मानतो.

कणखर

सगळे पळणाऱ्यांच्या बाजूने लिहिताय. माझे मत वेगळे आहे. रांगेतला एक पळाला की शेजारच्याची बाजू उघडी पडते. १६ जून १८१५ ला नेपोलियनविरुद्धच्या लिन्यीच्या लढाईनंतर प्रशियाचे साधारण आठ हजार लोक पूर्वेकडे पळत सुटले. दोन दिवसांनी वॉटर्लू होते. प्रशियाचा सेनापती ब्ल्यूखर तिथे पोचला ही बाकीच्यांची पुण्याई. पळालेल्यांबद्दल कळवळा ठेवावा, पण उभे राहिलेल्यांना विसरून नको.

रानजाई

कणखर, उभ्या राहिलेल्यांना माझाही नमस्कार. पण ते आठ हजार कोण होते ते बघा. त्यांतले बरेच राइनकाठचे आणि पूर्वीच्या बेर्ग संस्थानातले होते. राइनकाठचा मुलूख प्रशियाच्या राजाने आपला म्हणून जाहीर केला ५ एप्रिल १८१५ ला. लढाई जूनमध्ये. अडीच महिन्यांपूर्वीपर्यंत जो राजा कुणी नव्हता, त्याच्यासाठी मरायचे. यांतल्या कित्येकांनी त्याआधी नेपोलियनच्या झेंड्याखाली चाकरी केलेली होती. आणि पळाले कुठे? राइनच्या दिशेने, म्हणजे घराकडे.

त्याआधी महिना-दीड महिना लिएजमध्ये काय झाले तेही आठवा. सॅक्सनीचे राज्य कापून प्रशियाला अर्धे दिले, म्हणून सॅक्सन पलटणीही कापायच्या ठरल्या. ज्याचे गाव प्रशियाकडे गेले तो आता प्रशियन. २ मे ला सॅक्सन शिपायांनी ब्ल्यूखरच्या मुक्कामावर दंगा केला. ब्ल्यूखरने म्होरक्यांना गोळ्या घालायला लावल्या आणि पलटणीचा झेंडा जाळायचा हुकूम दिला. जनरल बोर्स्टेल प्रशियाचाच, त्याने झेंडा जाळायला नकार दिला आणि स्वतः शिक्षा ओढवून घेतली. शिस्तीतला माणूससुद्धा कुठेतरी थांबतो. मला या सगळ्या इतिहासात बोर्स्टेल फार मोठा वाटतो.

कणखर

रानजाई, अडीच महिन्यांचा मुद्दा मान्य. तसे असेल तर दोष भरती करणाऱ्यांकडे जास्त जातो.

मावळतीचा_वारा

रशियाच्या सीमेबद्दल कुणी लिहील का? तिकडून इकडे येणारे जास्त होते असे ऐकून आहे.

रानजाई

तोच भाग मला सगळ्यात काळजाला भिडणारा वाटतो. रशियाच्या फौजेत तेव्हा चाकरी पंचवीस वर्षे. गावातून पोरगा निघाला की घरचे तो मेलाच असे धरून रडत. १८२७ पासून ज्यूंची लहान पोरेही उचलली जाऊ लागली. साहजिकच रशियाच्या ताब्यातल्या पोलंडमधून, लिथुआनियातून लोक रात्री हद्द ओलांडून पूर्व प्रशियात यायचे. हद्द म्हणजे कित्येक ठिकाणी एक ओढा आणि दोन खांब.

प्रशिया आणि रशिया यांचे कार्टेल १८३० मध्ये झाले, बारा वर्षांसाठी. प्रशियाच्या अंमलदाराने रशियाचा फरारी पकडून सीमेवरच्या ठरलेल्या ठाण्यावर पोचवायचा. पकडून देणाऱ्याला बक्षीस. १८४२ मध्ये मुदत संपली तेव्हा प्रशियाचा राजा चौथा फ्रीडरिश विल्हेल्म याने लगेच नवा करार केला नाही, आणि हद्दीवर येणाऱ्यांचा लोंढा वाढला. १८४४ मध्ये पुन्हा करार झालाच. पूर्व प्रशियातल्या उदारमतवादी लोकांना तो अजिबात आवडला नव्हता. आपल्या दारात आलेला माणूस पंचवीस वर्षांच्या खाईत परत ढकलायचा आणि वर पैसे घ्यायचे, हे त्यांच्या मनाला पटेना. पुढे १८५७ ला तिसरा करार, त्याचीही मुदत १८६९ मध्ये संपली.

त्याआधीची एक घटना. १८३१ चा पोलिश उठाव मोडल्यावर पोलिश फौजेच्या तुकड्या प्रशियात शिरल्या, हत्यारे ठेवली. अधिकाऱ्यांना पश्चिमेकडे जाऊ दिले, पण साध्या शिपायांनी झारची माफी घेऊन परत जावे असा प्रशियाचा आग्रह. कित्येकांनी ऐकले नाही. २७ जानेवारी १८३२ ला एल्बिंगजवळच्या फिशाऊ गावात परत जायला तयार नसलेल्या निःशस्त्र पोलिश शिपायांवर प्रशियन पहाऱ्याने गोळ्या झाडल्या, काही जण जागीच ठार झाले. माफी हातात धरून समोर बंदूक रोखली तर ती माफी कसली?

मेघमल्हार

१८४९ चाही उल्लेख हवा. त्या मे महिन्यात राइनलँड-वेस्टफालियातल्या लांडवेअरच्या लोकांना बंडाला उठलेल्या आपल्याच देशबांधवांवर चालून जायला बोलावले, तेव्हा इझरलोन आणि एल्बरफेल्डमध्ये ते हजर होण्याऐवजी उठले. माक्स डोर्टू हा आमच्या पॉट्सडामचा. कायदा शिकलेला, लांडवेअरमध्ये हवालदाराच्या दर्जाचा. बाडेनच्या क्रांतिकारकांना जाऊन मिळाला. प्रशियन फौजेने पकडला आणि ३१ जुलै १८४९ ला फ्रायबुर्गमध्ये गोळ्या घातल्या. वय २३. इतर बंडखोरांपेक्षा त्याचा गुन्हा जड ठरला तो प्रशियन शिपाई असल्यामुळे. आज पॉट्सडाममध्ये त्याच्या नावाचा रस्ता आहे, आणि शहराच्या मधल्या चौकात अज्ञात फरारी शिपायाचे संगमरवरी स्मारकही आहे, मेहमेत आकसॉय या तुर्की शिल्पकाराने केलेले. ते विसाव्या शतकातल्या लोकांसाठी आहे, पण गावाचा इतिहास पाहता जागा योग्यच.

शिकागोकर

अमेरिकेच्या बाजूने भर. १८४० च्या सुमारापासून बर्लिनमधल्या अमेरिकन वकिलातीकडे एकाच प्रकारचे अर्ज यायचे: मी प्रशियात जन्मलो, तरुणपणी अमेरिकेत गेलो, तिथला नागरिक झालो, आता आईला भेटायला आलो तर मला फौजेत घालताहेत. तेव्हाचे वकील हेन्री व्हीटन यांनी १८४० मध्ये अशा एकाला उत्तर दिले की तू इतर कोणत्याही देशात असतास तर तुला अमेरिकन संरक्षण मिळाले असते, पण जन्मभूमीत परतलास तिथे तुझे जुने नाते पुन्हा लागू होते. बिचारा अडकला.

हा तिढा सुटला २२ फेब्रुवारी १८६८ ला, जॉर्ज बॅनक्रॉफ्ट यांनी उत्तर जर्मन संघाशी केलेल्या कराराने. पाच वर्षे अमेरिकेत राहून नागरिकत्व घेतले असेल तर जर्मनीनेही ते मानायचे. मात्र परत येऊन दोन वर्षांपेक्षा जास्त राहिला तर त्याने अमेरिका सोडली असे धरता येईल. देश सोडण्याआधी केलेल्या गुन्ह्याचा खटला मात्र शाबूत. म्हणजे भरतीच्या वयाआधी गेलेला बराचसा सुरक्षित, पण डगला अंगावर असताना पळालेल्याला धोका होताच.

डोनाल्ड ट्रम्प यांच्या आजोबांची गोष्ट सगळ्यांना माहीत असेल. सोळाव्या वर्षी १८८५ मध्ये गेले, पैसा कमावून बायकोसह परतले आणि १९०५ मध्ये त्यांना देश सोडायला लावला.

उत्तरवाट

शिकागोकर, ते काल्श्टाटचे, म्हणजे बव्हेरियाच्या राज्यातले. प्रशियाचा तिथे हुकूम नव्हता, अर्जही बव्हेरियाच्या राजप्रतिनिधीकडेच गेला होता. आणि ते पळालेले शिपाई नव्हेत, भरतीआधी गेलेले. पण तुमचा मुद्दा योग्य जागी आलाय. शतकाच्या शेवटी प्रशियाला डोकेदुखी झाली ती याच लोकांची. १८७१ नंतरच्या कायद्यात भरती टाळून देशाबाहेर राहणाऱ्याला १५० ते ३,००० मार्क दंड किंवा महिना ते वर्षभर कैद होती. म्हणजे भाऊबंदांच्या लग्नाला यायचे तर आधी दंडाची तजवीज.

अशा लोकांमध्ये उत्तर श्लेस्विगचे डॅनिश लोक सगळ्यात जास्त भरडले. त्यांचा मुलूख डेन्मार्कच्या हातून गेला त्या १८६४ च्या व्हिएन्ना तहाने त्यांना डेन्मार्कचे प्रजाजन राहायचा पर्याय सहा वर्षांसाठी दिला होता. प्रशियाच्या फौजेत जायला नको म्हणून तरुण हद्दीपलीकडे गेले. शेती इकडे, पोरगा तिकडे. १६ जानेवारी १८७२ च्या ओबेन्रोच्या करारानंतर बरेच जण डॅनिश प्रजाजन म्हणून परत येऊन आपल्या शेतावर राहू लागले. पण त्यांची इथे जन्मलेली मुले पुढे ना धड डॅनिश ना जर्मन. त्यांचा प्रश्न सुटायला १९०७ चा करार लागला. बापाने टाळलेल्या चाकरीची किंमत मुलांनी भरली, त्यांनी काय पाप केले होते?

चौकटराजा

आणि हॅनोव्हरचे शिपाई?

उत्तरवाट

१८६६ मध्ये प्रशियाने हॅनोव्हर खालसा केले. पदच्युत राजा पाचव्या जॉर्जसाठी लढू म्हणून काही शे तरुण १८६७ मध्ये हॉलंडला गेले, तिथून स्वित्झर्लंड, मग फ्रान्स. वेल्फ लीजन म्हणतात तिला. प्रशियाच्या लेखी हे भरती चुकवणारे राजद्रोही, त्यांच्या स्वतःच्या लेखी आपल्या राजाची फौज. ती कधी लढलीच नाही. १८७० मध्ये पैसा संपला आणि लीजन मोडली.

सुभेदारकाका

शेवटची शंका. युद्धशास्त्रावर लिहिणारे क्लाउझेवित्झही १८१२ मध्ये प्रशिया सोडून रशियाला गेले होते ना? त्यांना फरारी का म्हणत नाहीत?

उत्तरवाट

काका, कारण ते अधिकारी होते आणि अधिकाऱ्याला राजीनामा देता येत होता. फेब्रुवारी १८१२ च्या करारात प्रशियाने नेपोलियनला २०,००० माणसे द्यायचे कबूल केले, ते न पटून ते नोकरी सोडून झारकडे गेले. राजाला भयंकर राग आला. १८१३ मध्ये प्रशिया नेपोलियनविरुद्ध उठला तरी त्यांना परत घेतले नाही, प्रशियाचा डगला मिळाला तो १८१४ मध्ये. पुढच्या वर्षी लिन्यीला ते प्रशियन फौजेच्या तिसऱ्या कोअरचे (मोठ्या तुकडीचे) चीफ ऑफ स्टाफ होते. त्या कोअरचे सेनापती थीलमान, मूळचे सॅक्सन जनरल, १८१३ मध्ये टोरगाऊचा किल्ला सांभाळता सांभाळता रशियाला जाऊन मिळालेले. त्या दोघांना बढत्या मिळाल्या. त्यांच्याच फौजेतला राइनकाठचा शेतकरी घराकडे वळला, त्याच्यासाठी राजीनाम्याचा कागद अस्तित्वातच नव्हता.

वेल्फ लीजनबद्दल व्यक्तिगत निरोपांतून बरेच विचारताय. त्यावर स्वतंत्र धागा काढतो, इथे आणखी लांबवत नाही. पूर्व प्रशियाच्या हद्दीबद्दल कुणाकडे आणखी माहिती असेल तर इथेच टाका.